भूकंप आणि दगडी भिंत

दख्खनचें पठार अचल आहे, अशी महाराष्ट्राची जुनी समजूत होती आणि शास्त्राचा कौलही बहुतांशीं तसाच असे. भारताच्या भूकंप-नकाशांत लातूर-धाराशिवचा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागांत घातलेला होता. १९९२ च्या ऑक्टोबरांत किल्लारीच्या आसपास जमीन हादरूं लागली, तरी नकाशा बदलला नाहीं. पुढें ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गांवें गाढ निजलीं असतां, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनीं ६.२ मापनाचा भूकंप झाला. सुमारें दहा हजार माणसें गेलीं. २००२ सालीं पहिला विभागच रद्द झाला व लातूरचा परिसर तिसऱ्यांत गेला.

नकाशांतील ‘कमी धोका’ या शब्दांचा अर्थ ‘क्वचित् घडणारा’ एवढाच घ्यावयाचा असतो. भारताचें भूकवच उत्तरेकडे सरकत आशियाशीं झगडत असतें; तो ताण दूरवरच्या पठारांतील जुन्या भेगांवरही सांचतो व शतकानुशतकें मुकाट राहून एकाएकीं मोकळा होतो. किल्लारीचा धक्का भूपृष्ठापासून फार खोल नव्हता, म्हणूनच तो इतका जाचला.

परंतु माणसें मारलीं तीं भिंतींनीं. दोन-तीन फूट रुंदीची ही भिंत बाहेरून भक्कम दिसते. वस्तुतः ती दोन भिंतींची जोडी असते. आंतबाहेर गोटे, पोटांत दगडांचे तुकडे व चिखल. दोन्ही पदरांस बांधणारें कांहींच नसतें. जमीन हलतांच ते फुगतात आणि वेगळे होऊन ढासळतात. माथ्यावर माळवद, गळती थांबविण्यासाठीं वर्षानुवर्षें माती चढवीत गेल्यानें त्याचें ओझें अफाट झालेलें. कित्येक घरांचे लाकडी खांब-तुळया उभे राहिले आणि भिंती तेवढ्या कोसळल्या. गरिबाची कुडाची झोपडी तगली व ऐपतदाराचा वाडा त्याच्यावरच पडला, हा विपरीत न्याय त्या पहाटे दिसला.

पुढें शासनानें जागतिक बँकेच्या साहाय्यानें पन्नासएक गांवें नव्या जागीं वसविलीं. पण धाराशिव तालुक्यांतील बेंबळीसारख्या, जागा न सोडलेल्या गांवांतील जुन्या घरांचें काय? शहरांत बिऱ्हाड केलेल्या कित्येकांचें वडिलोपार्जित घर असल्याच गांवीं असतें आणि तेथें म्हातारीं माणसें राहतात.

असें घर पाडावेंच लागतें असें नाहीं. दर दोन फूट उंचीवर व चार-चार फुटांच्या अंतरानें भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड असावा, ही रीत आहे. जुन्या भिंतींत एकेक दगड हलकेच काढून आरपार भोक पाडतात. त्यांत वांकविलेली लोखंडी सळई ठेवून काँक्रीट भरतात. जणूं भिंतीस टांकेच घालावयाचे. कोपरे व छपराखालचा भाग सळयांच्या पट्ट्यानें सभोंवार बांधावा, आणि माळवदावरील जादा माती उतरवावी. शेवटलें काम सर्वांत स्वस्त, म्हणूनच बहुधा राहून जातें. तें पावसाळ्यापूर्वीं उरकावें. भिजलेली माती जड होते व भिंतीच्या पोटांतील गारा मऊ पडतो. किल्लारीस धक्का बसला तेव्हां पावसाळा नुकताच सरत होता.