दुखलं की थांबायचं

पोट, ओटीपोट, कूस, कंबर, माकडहाड... शरीराच्या एकेका भागासाठी आपल्याकडे शब्दांची कमतरता नाही. पण एक जागा अशी आहे, की तिचं नाव घ्यायची वेळ आली की चारचौघींत धडाधड बोलणारी बाईसुद्धा माझ्यासमोर अडखळते. मग ‘तिकडे’, ‘मागे’, ‘शीच्या जागी’, ‘तिथंच हो डॉक्टर, समजून घ्या ना’ असं सुरू होतं. गुदद्वार हा शब्द पुस्तकात आहे, तोंडात नाही. आणि ज्या जागेचं नावच घेता येत नाही, तिच्याबद्दल विचारणार तरी कसं?

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पंचवीस वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. पूर्वी या जागेची तक्रार यायची ती बहुधा बाळंतपणानंतरच्या मूळव्याधीची. घरोघरी मोबाइल आल्यापासून दुसराही एक प्रश्न येऊ लागला आहे. तो तपासणी संपल्यावर, ओढणी सारखी करताना, दाराकडे जाता जाता येतो. ‘मॅडम, आमचे हे म्हणतात... मागून. तसं करतात का लोक? काही होत तर नाही ना?’

करतात. आणि हे काही मोबाइलमधून आलेलं नवं खूळ नव्हे. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त या प्रकाराची नोंद आहे. तिथे त्याला ‘अधोरत’ म्हटलंय. दक्षिणेकडच्या लोकांची रीत म्हणून त्याचा ओझरता उल्लेख करून ग्रंथ पुढे जातो. ना कौतुक, ना छी-थू! आज मात्र आपल्याला दोनच टोकं सापडतात. एकीकडे फोनवरची चित्रफीत, जिच्यात सगळं क्षणात आणि विनासायास होतं. दुसरीकडे ‘शी, काहीतरीच काय!’ या दोहोंच्या मध्ये जी साधी माहिती असायला हवी, तीच कुठे मिळत नाही. प्रौढ स्त्री-पुरुषांना ती मिळावी, एवढ्यासाठी हा लेख.

दोघींच्या दोन तऱ्हा

पस्तिशीची एक बाई आली. शौचाला बसलं की जीव जाईल अशी कळ, वर रक्त. आठ महिने मूळव्याध समजून कुणीतरी दिलेली पुडी घेत होती. तपासलं तर मूळव्याध नव्हतीच, गुदद्वाराला चीर पडली होती. ज्याला आपण फिशर म्हणतो ती. अशी चीर नीट काळजी घेतली तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरून येते. हिची का भरत नव्हती? खूप वेळाने तिनं सांगितलं, ‘आठवड्यातनं एकदा-दोनदा ह्यांना तसं लागतं. मी दात आवळून पडून राहते.’

‘अगं, त्यांना सांगितलंस का दुखतं म्हणून?’

‘काय म्हणून सांगू, बाई? आणि पहिलटकरणीला दुखतं, नव्या नवरीला दुखतं, तसंच हे असणार की.’

तिच्या परवानगीनं मी नवऱ्याला बोलावलं. मारकुटा, दारूबाज वगैरे असेल असं मला वाटलं होतं. समोर बसला तो एक साधा, अवघडलेला माणूस. मान खाली घालून म्हणाला, ‘ती कधी नको म्हणाली नाही. मला वाटलं, चालतंय तिला.’ दोघंही खरंच बोलत होते. आठ महिने एका खोलीत राहून या एका गोष्टीसाठी दोघांकडे शब्दच नव्हता.

दुसरी, चाळिशी ओलांडलेली शिक्षिका. तिची तऱ्हा अगदी उलट! तिथल्या स्पर्शानं तिला सुख वाटायचं, आणि नवरा ‘घाण आहे ते’ म्हणून हात झटकायचा. तिचा प्रश्न एकच होता, ‘डॉक्टर, मी विकृत तर नाही ना?’

पहिलीला ‘नको’ म्हणायचा धीर हवा होता आणि दुसरीला, आपलं सुख म्हणजे आजार नाही, हा दिलासा. पण औषध मात्र दोघींना एकच होतं. आपल्या शरीराची माहिती!

ती जागा आहे तरी कशी?

गुदद्वाराचा मार्ग जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांबीचा. त्याला दोन गोल स्नायूंचा वेढा असतो. बाहेरचा स्नायू आपल्या हुकमात असतो. शौचाची घाई आवरून धरतो तो हा. आतला स्नायू मात्र आपलं ऐकत नाही. भीती वाटली, घाई झाली, जबरदस्ती झाली की तो आपोआप घट्ट होतो. ‘सैल सोड, सैल सोड’ असं कुणी कितीही बजावलं तरी हुकुमानं तो सैल पडत नाही. मन निवांत असेल आणि वेळ दिला तरच पडतो. बळजबरीनं दुखतं ते यामुळे. बाई ‘नाजूक’ किंवा ‘थंड’ असते म्हणून नव्हे.

दुसरी गोष्ट. योनीमार्गात उत्तेजनेच्या वेळी जसा ओलावा येतो तसा इथे येत नाही. आतलं अस्तर पातळ असतं, कोरड्या घर्षणानं लगेच सोलपटतं. या मार्गाच्या पुढे गुदाशय लागतो, तो सरळ नळीसारखा नसून वळणावळणाचा असतो.

मग यात सुख कुठून येतं? तर या जागेच्या तोंडाशी मज्जातंतूंचं दाट जाळं असतं. शिवाय ओटीपोटाच्या तळाशी जी स्नायूंची झोळी असते, ती योनी आणि गुदद्वार या दोन्हींना वेढून असते. संभोगसुखाच्या परमोच्च क्षणी गुदद्वाराचे स्नायूही आकुंचन पावतात. पुरुषांमध्ये याच मार्गाच्या पुढच्या बाजूला प्रोस्टेट ग्रंथी असते, तीही संवेदनशील असते. तेव्हा इथे सुख वाटणं ही निसर्गाचीच रचना आहे. आणि काहीच न वाटणं किंवा नकोसं वाटणं हेही तितकंच नैसर्गिक!

आधी रोजचं आरोग्य

या जागेच्या सुखाची गोष्ट बोलायची तर सुरुवात स्वयंपाकघरातून करावी लागते. पालेभाज्या, उसळी, सालासकट फळं, भाकरी, भरपूर पाणी. घरातल्या सगळ्यांना वाढून उरेल ते खाणाऱ्या आणि बाहेर स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायकांना खडा होतोच. कुंथू नका. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या, उकिडवं बसल्यासारखा कोन मिळतो. मोबाइल बाहेर ठेवा. धुताना हात पुढून मागे न्या, नाहीतर लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होतो. तिथे साबण चोळू नका, पाणी पुरे. चिरेच्या दुखण्यावर कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं बसल्यानं फार आराम पडतो. पण रक्त पडत असेल तर ‘मूळव्याधच असेल’ असं घरच्या घरी ठरवू नका, डॉक्टरांना दाखवा.

योगवर्गाला जाणाऱ्या मैत्रिणींना अश्विनी मुद्रा ठाऊक असेल. गुदद्वाराचे स्नायू आवळायचे आणि सोडायचे. आपण सगळा भर आवळण्यावर देतो. सोडणं जास्त महत्त्वाचं! श्वास सोडताना ते स्नायू सावकाश सैल होताना जाणवले पाहिजेत. ही जाणीव आली की शौचाचा त्रासही कमी होतो आणि पुढचं सगळं सोपं जातं.

हवं असेल तर

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जॅक मॉरिन यांनी १९८१मध्ये या एकाच विषयावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. वेदना सोसून इथे सुख मिळत नाही, असं ते सांगतात. माझ्या अनुभवातून मीही तेच सांगते. दुखलं की थांबायचं. ‘अजून थोडंसं’ नाही, ‘सवय होईल’ नाही. थांबायचं!

सुरुवात आपली आपणच, एकटीनं करावी. अंघोळीच्या वेळी, नखं कापलेल्या बोटानं, बाहेरून नुसता स्पर्श. कसं वाटतं ते बघावं. पुष्कळ जणींना बाहेरचा स्पर्शच पुरेसा आणि सुखाचा वाटतो, त्यापुढे जायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही. पुढे जायचं असेल तर एका रात्रीत नव्हे. आधी एक बोट, तेही काही दिवसांनी, आणि आतल्या स्नायूला सैल व्हायला वेळ देऊन. वेग कुणाचा? ज्याच्या शरीरात प्रवेश होतो आहे त्याचा.

पाण्यात विरघळणारी वंगण-जेली औषधाच्या दुकानात मिळते, ती सढळ हातानं वापरावी. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन निरोधबरोबर वापरू नये, तेलानं रबर फाटतं. आणि निरोध हवाच. असुरक्षित संबंधांत एचआयव्हीचा धोका सर्वांत जास्त असतो तो या मार्गानं, प्रवेश करून घेणाऱ्याला. एचपीव्हीसारखे विषाणूही असेच पसरतात. इथला निरोध, बोट किंवा वस्तू तशीच योनीमार्गाकडे नेऊ नये. निरोध बदलावा, हात धुवावेत. ‘मागून केलं की दिवस जात नाहीत’ म्हणून कुणी हा कुटुंबनियोजनाचा उपाय समजत असेल, तर तेही खरं नाही. वीर्य बाहेर ओघळून योनीकडे जाऊ शकतं.

बधिर करणारं मलम लावू नका. दुखणं म्हणजे शरीराची हाक आहे, तीच बंद केली तर इजा कळणार कशी? दारूच्या नशेत तर मुळीच नको. तळाशी रुंद बैठक नसलेली कुठलीही वस्तू आत घालू नका, ती वर सरकते आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. पोट साफ असेल आणि जागा धुतलेली असेल तर एरवी एनिमाची गरज नसते. थोडंफार काही लागलंच तर धुवून टाकायचं, एवढंच. चीर, दुखरी मूळव्याध, भगंदर किंवा बाळंतपणातले ताजे टाके असतील तर हा विषय बाजूला ठेवायचा. नंतर रक्त थांबत नसेल, पोटात दुखत असेल, ताप आला तर लाज न बाळगता लगेच दवाखाना गाठायचा.

नको असेल तर

‘नको’ला कारण लागत नाही. एकदा ‘हो’ म्हटलं होतं म्हणून पुढच्या वेळी ‘हो’च म्हणायला हवं, असंही नाही.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण बायकांच्या मनात गोंधळ असतो. १८६०च्या भारतीय दंडसंहितेतलं कलम ३७७ अशा संबंधांना ‘अनैसर्गिक’ ठरवून गुन्हा मानत असे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नवतेज सिंग जोहर खटल्यात निकाल दिला, की दोन सज्ञान व्यक्तींनी संमतीनं, खासगीत ठेवलेला संबंध हा गुन्हा नाही. समलिंगी जोडप्यांना त्या दिवशी मान वर करून जगता आलं. संमतीविना केलेल्या कृत्यासाठी मात्र ३७७ शिल्लक होतं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हे कलमच नाही. आणि पत्नी अठरा वर्षांवरील असेल तर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येतून वगळलेली आहे. म्हणजे संमतीचं महत्त्व न्यायालयानं मोठ्या शब्दांत सांगितलं, पण लग्नाच्या बाईच्या संमतीला तेवढं बळ मिळालं नाही.

तरी ती अगदीच निराधार नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात लैंगिक छळ स्पष्टपणे धरलेला आहे. न्याय संहितेच्या कलम ८५खाली नवऱ्याच्या क्रूरतेची तक्रार करता येते. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना खरं सांगितलंत तर त्याची नोंद राहते, ती पुढे उपयोगी पडते.

वर्तमानपत्रात कशाला?

असलं काही पेपरात छापायचं का, असं काही जणींना वाटेल. र. धों. कर्वे यांनी १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा न्यायालयात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. लोकांच्या मनात प्रश्न आहेत तर त्यांना शास्त्रीय उत्तर मिळालं पाहिजे, ही गोष्ट मराठीत तेव्हाच बोलून झालेली आहे. आपण फक्त ती विसरलो.

त्या चिरेच्या दुखण्यावाल्या बाईचं पुढे काय झालं, हे सांगायचं राहिलंच. दोन महिन्यांत चीर भरली. त्या दोघांनी तो प्रकार कायमचा सोडून दिला, कारण तिला तो नकोच होता आणि आता ते तिला सांगता आलं. शिक्षिकाबाईंच्या यजमानांना मी रचनेचं चित्र काढून सगळं समजावलं. त्यांचं पुढे काय ठरलं ते मी विचारलं नाही. ते त्यांचं त्यांना!

तुम्हाला काही विचारायचं असेल तर डॉक्टरांकडे जाताना तीनच गोष्टी ठरवून जा. कुठे दुखतं, कधीपासून, आणि कशामुळे वाढतं. दाराकडे जाता जाता नको, खुर्चीत बसल्या बसल्या सांगा. जागेचं नाव घेऊन सांगा. एकदा मोठ्यानं उच्चारलं की दुसऱ्यांदा तो शब्द तितका जड वाटत नाही, हे मी माझ्या टेबलासमोर कितीतरी वेळा पाहिलं आहे.