कवेलू उतरवण्याआधी

वर्ध्याकडे जुनं घर दुरुस्तीला काढलं की पहिली कुऱ्हाड कवेलूंवर पडते. दरवर्षी पावसाळ्याआधी ते फेरायचे, वरून माकडांचा धुडगूस, आणि फेरणारा माणूसही सहज मिळत नाही. तेव्हा स्लॅबची हौस समजू शकते. पण छप्पर बदललं की खालचं घरही बदलतं, हे कळायला पहिला मे महिना यावा लागतो.

कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जात असते. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खोलीत सोडतो. मग कूलर येतो. त्याची ओलसर हवा बाहेर पडायला समोरची खिडकी उघडी लागते. पूर्वी ते काम छप्परच परस्पर करायचं. आता दारं-खिडक्या लावून कूलर चालवतात, तासाभरात अंग चिकचिकतं आणि शिव्या मात्र कूलरला!

मातीच्या भिंतींवर स्लॅबचं ओझं टाकता येत नाही. म्हणजे कॉलम आले, कॉलम आले की नवा पाया आला. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जुनी भिंत आणि नवे कॉलम या जमिनीवर सारखे हलत नाहीत, आणि तडा नेमका दोघांच्या सांध्यात जातो. न्हाणीचं पाणी त्याच कोपऱ्यात मुरत असेल तर विचारूच नका. तिथे दरवर्षी पुट्टी भरणं म्हणजे पेंटरची कायमची सोय.

सेवाग्रामला गेलात तर बापू कुटीची वळचण बघा. गांधीजी 1936 साली तिथे, तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. ही कुटी आधी मीराबहनची. भिंती मातीच्या, वर कवेलू. पुढे आलेलं उतरतं छप्पर भिंतीवर सावली धरतं आणि पागोळ्या पायापासून लांब टाकतं. आपण कवेलूंसोबत ही वळचणही छाटतो. भिंत भिजू लागली की तिच्यावर सिमेंटची छपाई करतो. मातीची भिंत जमिनीची ओल ओढते आणि अंगावरून वाळते. सिमेंटनं ती वाट बंद होते. छपाईवर बोटानं टकटक केलं की पोकळ आवाज येतो, पोपडा निघाला की मागे भुसभुशीत माती.

म्हणून मिस्त्रीला बोलावण्याआधी एक पावसाळा घराभोवती फिरून घ्यावा: पागोळ्या कुठे पडतात, न्हाणीचं पाणी कुठे जातं, भिंतीवर ओल किती फूट चढते. कामाला सुरुवात पाण्यापासून करावी, मग छप्पर, मग भिंती. रंगाचं शेडकार्ड तोवर कपाटातच बरं.