जखमी शोभिवंत मासा : घरच्या घरी शुश्रूषा

कुर्ला हे मध्य आणि हार्बर या दोन्ही लोहमार्गांवरील गजबजलेले स्थानक. गिरण्या आणि कारखाने यांसाठी एके काळी ओळखल्या जाणाऱ्या या उपनगरात आज शोभिवंत माशांचाही व्यापार चालतो. पाणी आणि प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून गोल्डफिश, मॉली, एंजल असे मासे येथून चाळींच्या खोल्यांत आणि सदनिकांत जाऊन पोहोचतात. लोकलच्या गर्दीतून पिशवी सांभाळून नेणारा मुलगा हे या मार्गावरील एक ओळखीचे दृश्य होय.

मात्र घरी आणलेला मासा जखमी झाला, तर बहुतेक कुटुंबांची मती गुंग होते. मोठ्या माशाने शेपटी कुरतडलेली असते, अणकुचीदार दगडाला घासून खवले निघालेले असतात, किंवा मासा टाकीबाहेर उडी मारून फरशीवर तडफडलेला असतो. "आता हा जगणार नाही," असे समजून त्याला टाकून देण्याकडे कल असतो. वस्तुतः जखम खोल असली तरी योग्य शुश्रूषेने अनेक मासे बरे होतात. त्यासाठी महागड्या औषधांपेक्षा स्वच्छ पाणी, मीठ आणि धीर यांचीच अधिक आवश्यकता असते.

जखमेचा खरा धोका

माशाच्या अंगावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो. रोगजंतूंपासून त्याचे संरक्षण करणारे हे पहिले कवच होय. त्याखाली खवले आणि त्वचा असते. जखम झाली की हे कवच फाटते आणि दोन संकटे एकदम उभी राहतात.

पहिले संकट जंतूंचे. पाण्यात एरवीही असणारे एरोमोनास जातीचे जिवाणू जखमेत शिरतात आणि कडा लाल होऊ लागतात. सॅप्रोलेग्निया या बुरशीसारख्या जीवाची लागण झाल्यास जखमेवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात.

दुसरे संकट तितकेसे परिचित नाही. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात क्षारांचे प्रमाण भोवतालच्या पाण्यापेक्षा पुष्कळच अधिक असते. त्यामुळे बाहेरचे पाणी सतत शरीरात शिरू पाहते आणि आतील क्षार बाहेर झिरपू पाहतात. निरोगी मासा मूत्रपिंड आणि कल्ले यांच्या साह्याने हा तोल राखतो. त्वचा फाटली की हे काम कित्येक पटींनी वाढते आणि दमलेला मासा अनेकदा जखमेपेक्षा या श्रमानेच दगावतो.

शुश्रूषेची वेगळी टाकी

जखमी माशाला प्रथम इतर माशांपासून वेगळे करावे. जाळीने त्याची उरलीसुरली त्वचाही खरचटते. म्हणून शक्यतो पाण्यासह भांड्यातच उचलावे. २० ते ३० लिटरची टाकी किंवा स्वच्छ प्लॅस्टिकचा टब पुरेसा आहे. मात्र त्यात कधीही साबण वापरलेला नसावा. तळाशी वाळू किंवा दगड ठेवू नयेत. हवेचा पंप लावावा, वर झाकण ठेवावे आणि प्रकाश मंद असावा.

मुंबईच्या नळाचे पाणी क्लोरिनयुक्त असते व क्लोरिन कल्ल्यांना घातक ठरते. पाणी उघड्या पिंपात २४ तास ठेवल्यास क्लोरिन बहुतांशी निघून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारे क्लोरिननाशक वापरावे. नव्या आणि जुन्या पाण्याच्या तापमानात फरक नसावा.

मिठाचे प्रमाण

साधे मीठ हे या कामी सर्वांत विश्वासू औषध होय. पाण्यात किंचित मीठ असले की आतील व बाहेरील क्षारांतील तफावत घटते आणि माशाचे श्रम वाचतात. बुरशीलाही काही प्रमाणात आळा बसतो. दर लिटरला २ ग्रॅम हे प्रमाण बहुतेक माशांना सोसते.

हिशेब सोपा आहे. टाकीतील पाण्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १,००० ने भागल्यास लिटर मिळतात. ४० × २५ × ३० सेंटिमीटर म्हणजे ३० लिटर. त्यास ६० ग्रॅम मीठ. मसाला किंवा अन्य पदार्थ न मिसळलेले मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून घ्यावे. अर्धे प्रथम व उरलेले १२ तासांनी घालावे. मिठाचे खडे थेट माशावर टाकू नयेत. खवले नसलेल्या मांजरमाशांसारख्या जातींना मीठ कमी सोसते. त्यांच्यासाठी प्रमाण निम्म्यावर आणावे.

रोज पाव टाकी पाणी बदलावे. काढलेल्या पाण्याइतकेच मीठ नव्या पाण्यात घालावे, म्हणजे ७.५ लिटर बदलल्यास १५ ग्रॅम. पाणी उडून पातळी घटली असेल, तर नुसतेच पाणी भरावे. कारण मीठ उडून जात नाही. पाणी बदलण्याची ही दक्षता औषधाइतकीच मोलाची आहे. माशाच्या उत्सर्जनातून अमोनिया साचतो आणि नव्या टाकीत त्याचे रूपांतर करणारे उपकारक जिवाणू नसतात.

पहिला दिवस खाद्य देऊ नये. पुढे अगदी थोडे द्यावे आणि उरलेले लगेच काढून टाकावे. हळद, जंतुनाशके किंवा माणसांची प्रतिजैविके अंदाजाने पाण्यात टाकू नयेत. हळद पाण्यात विरघळत नाही. तिचे कण कल्ल्यांत साचू शकतात. प्रतिजैविक तर पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून वापरूच नये.

सुधारणेची लक्षणे

माशाच्या त्वचेच्या वरच्या थरातील पेशी जखमेवर लवकर सरकतात. त्यामुळे उथळ जखम काही दिवसांत झाकली जाते. खोल जखमेला कित्येक आठवडे लागतात. लाली कमी होणे, मासा खाद्याकडे झेपावणे, पर उभारलेले दिसणे ही शुभलक्षणे होत. याउलट लाल रेषा पसरणे, पोट फुगून खवले उभे राहणे किंवा मासा एका कुशीवर पडणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी पशुवैद्यकास दाखवावे. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून कार्यरत आहे, तर वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत १९६१ पासून मत्स्यशास्त्राचे शिक्षण व संशोधन चालते. या विषयाचे जाणकार आपल्याच महानगरात आहेत.

ट्राउट माशांत वेदना टिपणाऱ्या चेतातंतूंची नोंद २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात झाली. म्हणून बरा न होणारा मासा शौचकूपात सोडणे किंवा बर्फात ठेवणे उचित नव्हे. त्याच्या वेदनारहित अंतासाठीही पशुवैद्यकाचेच साह्य घ्यावे. त्याला मिठी नदीत किंवा पवई तलावात सोडणे हीदेखील भूतदया नव्हे. परक्या जातींचे मासे आणि त्यांचे रोग यांमुळे स्थानिक जलचरांना धोका पोहोचतो.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत मत्स्यसंवर्धनाचाही समावेश करण्यात आला. या व्यवसायाची भरभराट व्हावीच. पण मासा विकत घेणाऱ्याने त्याच्या शुश्रूषेचीही जबाबदारी घरी न्यावी. एक टब, थोडे मीठ आणि रोजची पाच मिनिटे एवढ्यावर एक मुका जीव वाचू शकतो, आणि ते पाहणाऱ्या घरातील मुलांना त्यातून मिळणारी शिकवण दीर्घकाळ टिकते.