फळाचा पाक : फळ की फाणित?

रोडपाली हे आता कळंबोलीच्या वसाहतीत सामावून गेलेले गाव. येथील माझ्या चिकित्सालयात गेल्या वैशाखात एक प्रमेही गृहस्थ आले. साखर कटाक्षाने वर्ज्य, तरी रक्तशर्करा चढतीच. आहाराविषयी विचारता ते म्हणाले, "वैद्यसाहेब, चहात, नाचणीच्या सत्त्वात, सगळ्यात खजुराचा पाक घालतो. तुम्हीच सांगितलेत ना, गोड खावेसे वाटले तर खजूर घ्या!" दोष माझ्या अर्धवट वाक्याचा होता.

चरकाचार्यांनी खर्जूर श्रमहर महाकषायात गणला आहे. मधुर, शीत, गुरु व बृंहण असा तो कृश, श्रांत रुग्णास हितकरच. परंतु खजूर शिजवून, गाळून, चोथा टाकून रस आटवला की उरते ती मुख्यतः ग्लुकोज व फ्रुक्टोज या रूपातील शर्करा, सुमारे दोन तृतीयांश. २० ग्रॅमच्या मोठ्या चमच्यात ती १३ ग्रॅमच्या आसपास भरते. उसाचा रस आटवून होणाऱ्या फाणितास, म्हणजे काकवीस, शास्त्रकारांनी गुरु व अभिष्यंदी म्हटले आहे. फळाचा घट्ट पाक गुणांनी त्याच पंक्तीत बसतो, असे माझे मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ च्या मार्गदर्शिकेत मध, पाक व फळांचे रस यांतील शर्करा साखरेबरोबरच मोजली. अख्ख्या फळातील मात्र वगळली. एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ही तिची मर्यादा. ५ टक्के, म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, अधिक श्रेयस्कर.

आपल्या रायगडात हा प्रश्न खजुरापेक्षा कोकमाचा अधिक आहे. वृक्षाम्ल हृद्य महाकषायातील द्रव्य. म्हणून 'कोकम पित्ताला चांगले' एवढ्यावर आपण थांबतो. कोणते कोकम, हे कोण विचारतो? अमृतकोकमात सालींच्या दुप्पट साखर असते, आणि एका पेल्यातच ती २५ ग्रॅमची मर्यादा सहज ओलांडली जाते. आगळात साखर नाही, पण मीठ भरपूर. रक्तदाबाच्या रुग्णास तेही जपूनच. प्रमेही रुग्णास मी आमसुले धुऊन, पाण्यात भिजवून, कोळून, जिरेपूड घालून घेण्यास सांगतो.

त्या गृहस्थांचा पाक बंद केला. त्यांच्या डॉक्टरांची औषधे तशीच चालू ठेवून जेवणात एखादाच अख्खा खजूर, तोही भाकरीचे प्रमाण कमी करून, एवढी मुभा दिली. उरलेल्या बाटलीचे काय करू, असे त्यांनी जाताना विचारले. घरी सून नुकतीच बाळंत झालेली, प्रकृतीने कृश, भूक उत्तम. तिच्या खिरीत चमचाभर घालण्यास सांगितले.