हे चारशे छत्तीस कायचे कटले वो?

मे महिना सरत आला की बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रावर हा सवाल येतोच. किन्हीराजा असो नाहीतर शेजारचं दुसरं गाव. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, नागपूर–संभाजीनगर रस्त्यावरच्या किन्हीराजात त्याचं उत्तर द्यायचं काम बहुतेक वेळा बचत गटाच्या अध्यक्षाबाईंवर येऊन पडतं. पासबुक उघडायचं, ओळीवर बोट ठेवायचं आणि सांगायचं, "अवो काकू, जीवनज्योतीचा हप्ता हाय तो. १ जून ते ३१ मे. माणूस गेलं त वारसाले दोन लाख भेटतात." २०१५ मध्ये योजना आली तेव्हा हप्ता ३३० रुपये होता, २०२२ पासून ४३६ झाला. काकूंच्या लक्षात ३३०च राहिलेले असतात, म्हणून भांडण.

त्याच्याच खालच्या ओळीत २० रुपये कटलेले असतात. ती अपघाताची सुरक्षा विमा योजना. निंदणाला जाणाऱ्या बायांनी तिचा एक नियम पाठ करून ठेवावा: साप चावून मृत्यू झाला तरी हा विमा लागू होतो, झाडावरून पडून झाला तरी होतो. अट एवढीच, की लगेच दवाखान्यात नेल्याची नोंद हवी. आधी मांत्रिक, मग वैद्य आणि शेवटी दवाखाना, या क्रमाने गेलं की जीवही जातो आणि कागदही.

विम्याचं हे असं काम गावोगावच्या बाया पदाविना, पगाराविना करत असतात. काही बायांनी मात्र त्याचीच कारकीर्द केली.

आधी दोन जुन्या गोष्टी, झटपट

१८७० साली मुंबईत 'बॉम्बे म्युच्युअल' निघाली. तोवर परदेशी कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवताना जादा हप्ता लावत. या संस्थेने नेहमीच्याच दराने उतरवला. म्युच्युअल म्हणजे पॉलिसी घेणारेच मालक. पुढे १९१३ मध्ये साताऱ्यासारख्या गावात अण्णासाहेब चिरमुल्यांनी 'वेस्टर्न इंडिया लाइफ' काढली. १९५६ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, आणि अशा २४५ संस्था आयुर्विमा महामंडळाच्या पोटात गेल्या. त्या महामंडळाला पहिली महिला व्यवस्थापकीय संचालक मिळायला मात्र २०१३ साल उजाडलं: उषा सांगवान. १९८१ मध्ये थेट भरतीतून अधिकारी म्हणून लागल्या होत्या, म्हणजे वरच्या मजल्यावर पोचायला बत्तीस वर्षं.

दहा-दहा रुपयांची बँक

विमा कंपनीत बायका वर चढत गेल्या, तर सहकारात त्यांनी संस्थाच आपल्या उभ्या केल्या. यातलं ठळक उदाहरण शेजारच्या गुजरातेतलं. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादला 'सेवा' ही कष्टकरी बायांची संघटना काढली. दोन वर्षांनी चार हजार जणींनी प्रत्येकी दहा रुपये भाग भरून स्वतःची बँक केली. कर्ज का थकतं हे पाहू गेल्यावर कळलं, की बाई बुडवी नसते. आजारपण, बाळंतपण, घरातला मृत्यू, यांतलं काहीतरी आडवं आलेलं असतं. मग १९९२ मध्ये 'विमो सेवा' सुरू झाली आणि २००९ मध्ये तिची अनेक राज्यांत चालणारी सहकारी संस्था झाली. हिच्या नेतृत्वातलं मोठं नाव मिराई चटर्जी. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून त्या १९८४ मध्ये 'सेवा'त आल्या आणि तिथेच रमल्या.

'विमो सेवा'च्या कारभारातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट आता सांगतो. विमा कंपनीत दावा म्हणजे खर्चाची बाजू. दावे वाढले की हप्ता वाढवा, नाहीतर अटी घाला. इथे दाव्यांची वही वेगळ्या डोळ्यांनी वाचली गेली. दवाखान्यात भरती झालेल्या बायांच्या दाव्यांत गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया वरच्या क्रमांकावर दिसू लागल्या, आणि त्यांत तिशीतल्या बायकाही होत्या. एखाद्या कंपनीने ही शस्त्रक्रिया यादीतून वगळली असती आणि विषय मिटवला असता. 'सेवा'ने आधी कारणं शोधली, मग गावात आरोग्यशिक्षण सुरू केलं: पाळीच्या तक्रारीवर पिशवी काढणं हा पहिला उपाय नाही, दुसऱ्या डॉक्टरला विचारा.

हे वाचताना आपल्याला बीड आठवणारच. ऊसतोड बायांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर महिलांची पाहणी झाली, त्यात तेरा हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. पाळीत खाडा झाला की मुकादम दंड कापतो, मग पिशवीच नको, हा हिशेब. त्या बायांची एखादी स्वतःची विमा सहकारी संस्था असती, तर चौकशी समितीची वाट पाहावी लागली नसती. वहीनेच आधी सांगितलं असतं.

खाणावळीतून निघालेला विमा

आता महाराष्ट्रातलं घर. प्रेमा पुरव गोवा मुक्तिलढ्यातल्या. मुंबईत लालबाग-परळला गिरणी कामगारांना डबे घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका वाण्याच्या उधारीत आणि गहाण मंगळसूत्रात अडकल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमाताईंनी त्यांचं 'अन्नपूर्णा महिला मंडळ' बांधलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची दारं दाखवली. यजमान दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे पुढारी, त्यामुळे बँका घरातल्याच विषयाच्या.

लेक मेधा पुरव-सामंत बँकेत अधिकारी झाली. १९९३ च्या सुमारास पुण्यात भाजीवाल्या, धुणीभांडीवाल्या बायकांना कर्ज द्यायला तिने सुरुवात केली आणि पुढे नोकरी सोडून 'अन्नपूर्णा परिवार' उभा केला. आईने बाईला बँकेपर्यंत नेलं, लेकीने बँकच वस्तीत आणली. कर्जापाठोपाठ पाळणाघरं आली, एकट्या आयांच्या मुलींना शिष्यवृत्ती आली आणि विमा आला. हा विमा कंपनीचा नाही, परस्पर मदत निधीचा. सगळ्याजणी वर्षाला थोडे पैसे घालतात, आजारपण आलं की त्यातूनच दिले जातात.

गंमत पुढे आहे. अशा निधीत दावा मंजूर करायला सभासद बायकांचीच समिती बसते. बिल, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या, सगळं समोर. आणि सर्व्हेअरपेक्षा कडक तपासणी, कारण बसलेली प्रत्येकजण त्याच वस्तीतली. 'ही तर त्या दिवशी लग्नात नाचत होती' हे सांगायला गुप्तहेर लागत नाही. उलट, कागद अर्धवट असला तरी 'मी स्वतः रिक्षात घातलं होतं हिला' असं सांगणारीही तिथेच असते. खोटेपणा पकडण्यावर कंपन्या जो खर्च करतात, तो इथे शेजारपणात भागतो.

दार उघडं, पायरी शंभर कोटींची

मग अशा संस्था थेट विमा कंपनी का होत नाहीत? कायद्याची आडकाठी नाही. २००२ च्या दुरुस्तीने सहकारी संस्थांना विमा धंद्यात यायची परवानगी दिली. फक्त भांडवलाची अट घातली १०० कोटी रुपयांची. दहा-दहा रुपयांनी जमवायचे म्हटले तर दहा कोटी बाया लागतील! म्हणून 'विमो सेवा' मध्यस्थाच्या भूमिकेत राहून कंपन्यांचे विमे बायांपर्यंत पोचवते. खतांची बडी सहकारी संस्था इफको मात्र जपानच्या टोकियो मरीनला जोडीला घेऊन २००० सालीच सामान्य विम्यात उतरली. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय सहकारमंत्री अमित शाह यांनी लोकसभेत सहकारी विमा कंपनी काढण्याची घोषणा केली आहे.

तिकडे कॅनडात

१९४५ मध्ये कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःची सहकारी विमा संस्था काढली. आज ती 'द को-ऑपरेटर्स' नावाने देशातल्या मोठ्या विमा संस्थांत मोजली जाते. कॅथी बार्ड्सविक १९७८ मध्ये तिथे नोकरीला लागल्या, २००२ मध्ये प्रमुख झाल्या आणि २०१६ पर्यंत त्यांनी कारभार हाकला. एकाच संस्थेत पायरी पायरीने वर जाऊन चौदा वर्षं सर्वोच्च पदावर.

तिकडचा तो मुलूख गव्हाचा. आमच्या वाशिमचा सोयाबीनचा. गंजी भिजली की पीक विम्यासाठी आम्ही २०२४ च्या खरिपापर्यंत ७२ तासांच्या आत १४४४७ वर फोन लावायचो. लागला तर.