किनाऱ्यावरच्या वाळूपासून काचेचं शिल्प होतं का?

कणकवली तालुक्यात कासार्डे भागात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. काच अशाच वाळूपासून बनते. मग मालवणच्या किनाऱ्यावरची वाळू का चालत नाही? तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, मीठ असतं आणि लोहयुक्त खनिजं असतात. लोहामुळे काच हिरवट होते. शिवाय शुद्ध सिलिका वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. सोडा घातला की ते खाली येतं.

कलाविद्यार्थी सहसा या फंदात पडत नाहीत, तयार काच वापरतात. शंखाचा किंवा लाटेचा आकार आधी मेणात घडवायचा, त्याभोवती प्लास्टर आणि सिलिका पुडीचा साचा ओतायचा. मेण वितळवून काढलं की पोकळीत काचेचे तुकडे भरून भट्टी ८०० अंशांच्या वर न्यायची.

खरी परीक्षा त्यानंतर. जाड काच बाहेरून लवकर निवते, आतून उशिरा, आणि त्या ताणाने तडकते. म्हणून सुमारे ५०० अंशांवर काही तास रोखून मग ती सावकाश निववतात. मोठ्या शिल्पाला कित्येक दिवस लागतात. घाई केली तर महिन्याची मेहनत भट्टीतच फुटते. दोन वेगळ्या बाटल्यांची काच एकत्र केली तरी तेच होऊ शकतं, कारण प्रत्येकीचं आकुंचन वेगळं.