लॉरेन्सचे डोके, केर्न्सचे गणित

डेव्हिड लीनच्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ची सुरुवात आठवते? वाळवंटातल्या लढाईतून वाचलेला टी. ई. लॉरेन्स इंग्लंडातल्या डॉर्सेटच्या आडरस्त्यावर मोटारसायकलवरून पडतो. ती घटना खरी आहे. १३ मे १९३५ रोजी सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना त्याचा तोल गेला. डोक्यावर काहीही नव्हते. सहा दिवस बेशुद्ध राहून तो गेला, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी.

त्याच्या उपचारासाठी बोलावलेल्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. जग हळहळले, केर्न्स पुढे मोजदाद करीत बसले. (जन्म बँकेत गेल्यामुळे असेल, मला हा माणूस फार जवळचा वाटतो.) महायुद्धात निरोप पोचवणाऱ्या लष्करी मोटारसायकलस्वारांच्या जखमा त्यांनी तपासल्या आणि १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हेल्मेटचे महत्त्व मांडले. लष्कराने त्याच वर्षी सक्ती केली.

नागरिकांवरची सक्ती पाहायला केर्न्स राहिले नाहीत. ते १९५२ साली वारले. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९६१ मध्ये कायदा केला, ब्रिटनमध्ये मात्र १९७३ उजाडले. तिथल्या शिखांनी पगडीसाठी झगडून १९७६ मध्ये सूट मिळवली. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही पगडीधारी शिखांना ती आहे. पुणेरी पगडीचा त्यात उल्लेख नाही.